पॉम्पेई, व्हेसुव्हियस आणि वाइन एका दिवसात: आधी क्रम ठरवा, गाइड नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण, मे महिन्याचा मध्य, नेपल्समध्ये तीन रात्री. आई-बाबा सत्तरीचे, आईंचे गुडघे दुखतात. तुम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा आणि धाकटी बहीण. दोघं शाकाहारी. एकाच दिवसात पॉम्पेई या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराचे अवशेष, व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि तिथल्या वायनरीत जेवण, हे सगळं गाइडसह होईल का? ग्रुप टूर बरी की खासगी गाडी?

होईल. नेपल्स ते पॉम्पेई जेमतेम पंचवीस किलोमीटर, ज्वालामुखी या दोन्हींच्या मध्ये आणि द्राक्षबागा त्याच्याच उतारावर. त्यामुळे अंतराची चिंता करू नका. खरी अडचण आहे ती तीन वेगवेगळ्या वेळा एकमेकींत अडकण्याची. पॉम्पेईत 2024 च्या नोव्हेंबरपासून रोज जास्तीत जास्त 20,000 लोकांना प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असतं. व्हेसुव्हियसचं तिकीट ऑनलाइनच घ्यावं लागतं, तेही ठरलेल्या वेळेचं. वर जाऊन काढू म्हटलं तर तिकीटखिडकीच नाही, आणि मोबाइलला रेंजही धड नसते. वायनरीच्या स्वयंपाकघराची तिसरी वेळ. यातली एक चुकली की उरलेल्या दोन घसरतात. ‘एका दिवसात तिन्ही’ असं ठरवून निघालेल्यांचा दिवस बहुतेक वेळा इथेच फसतो.

म्हणून अशा दिवसाची आखणी मी व्हेसुव्हियसच्या स्लॉटपासून सुरू करतो. तो खुंटा आधी ठोकायचा, बाकीचं त्याला बांधायचं. पॉम्पेईत अर्धा तास इकडेतिकडे चालतो, वायनरीलाही फोन करून वेळ पुढे नेता येते. डोंगरावरचा स्लॉट मात्र हलत नाही.

क्रम मोसमावर ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पॉम्पेई दुपारी तव्यासारखं तापतं. झाडं कमी, भिंतींना छपरं नाहीत. तेव्हा सकाळी नऊला व्हेसुव्हियस, दुपारी वायनरीत सावलीत लांबलेलं जेवण आणि चारनंतर पॉम्पेई हा क्रम चांगला. उन्हाळ्यात ते सातपर्यंत उघडं असतं, शेवटचा प्रवेश साडेपाचला. हिवाळ्यात डोंगरावरचा शेवटचा प्रवेश दुपारी तीनच्या आसपास संपतो आणि पॉम्पेई पाचला बंद होतं, म्हणजे सकाळी अवशेष, बाराला ज्वालामुखी, मग जेवण. तुमच्या मेच्या मध्यासाठी मी म्हणेन: आधी पॉम्पेई, मग व्हेसुव्हियस, शेवटी वाइन.

बऱ्याच कंपन्या वायनरी मध्ये ठेवतात, कारण जेवणाची वेळ साधते आणि बसमधले लोक खूश राहतात. मला ते पटत नाही. वाइनच्या टेस्टिंगमध्ये, म्हणजे चव घेण्याच्या बैठकीत, तीन ते पाच वाइन येतात, ओतणारा हात सढळ असतो, आणि त्यानंतर तासाभरात सुट्या खडीवरून उन्हात चढायचं. दम लागतो, तोंड सुकतं, उतरताना पाय सरकतो. वाइन शेवटी ठेवली की घाई उरत नाही आणि चढायचंही काही उरत नाही. अडचण एकच, भुकेची. इटलीतली स्वयंपाकघरं अडीच-तीनला विझतात. त्यामुळे वायनरीला बुकिंगच्या वेळीच ‘आम्ही साडेतीनला येऊ’ असं लेखी कळवून होकार मिळवायचा, आणि गाडीत केळी, बिस्किटं, चिक्की ठेवायची.

आता आईंचे गुडघे. व्हेसुव्हियसची मोटारवाट साधारण 1,000 मीटर उंचीवर संपते. तिथून विवराच्या कडेपर्यंत चालावंच लागतं. रोपवे नाही, खुर्ची नाही. चढ दीडशे ते पावणेदोनशे मीटरचा, वीस-तीस मिनिटांचा. कडेने फिरून परत येईपर्यंत चारेक किलोमीटर होतात. सिंहगडाच्या पायवाटेपुढे हा चढ काहीच नाही. पण सिंहगडावर पाऊल दगडावर ठरतं, इथे ते बारीक खडीवर सरकतं. आणि दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो. आईंनी हा भाग सोडावा, आणि वरच्या फाटकापाशी वाटही बघत बसू नये. तिथे वारा असतो, बसायची सोय तुटपुंजी.

मार्ग असा काढता येतो. वायनऱ्या बहुतेक डोंगराच्या दक्षिण उतारावर, बॉस्कोत्रेकासे, त्रेकासे, तेर्झिन्यो या गावांत आहेत, म्हणजे पॉम्पेईपासून पंधरा-वीस मिनिटांवर. वर जाणारा गाडीरस्ता मात्र पश्चिमेकडून, एर्कोलानो आणि तोर्रे देल ग्रेकोच्या बाजूने चढतो. नकाशात वायनरी आणि विवर शेजारी दिसतात, तरी एकीकडून दुसरीकडे जायला खाली उतरून वळसा घ्यावा लागतो. त्याला पाऊण तास धरा. तेव्हा पॉम्पेईहून निघून आधी आई-बाबांना वायनरीत सोडायचं. ते साडेबाराला सावलीत बसून शांतपणे जेवतील. तुम्ही चौघं वर जाऊन या आणि टेस्टिंग सगळ्यांनी मिळून करा. वायनरीला हे आधी सांगितलं तर हरकत नसते. न सांगता दोघांना दारात उतरवलं तर त्यांचीही पंचाईत आणि आई-बाबांचीही.

वेळा साधारण अशा: नेपल्सहून सव्वाआठला निघा, नऊला पॉम्पेईच्या फाटकात. पावणेबाराला बाहेर. सव्वाबाराला आई-बाबा वायनरीत. व्हेसुव्हियसचा स्लॉट दुपारी सव्वा ते दीडच्या आसपासचा. खासगी गाडीच्या पार्किंगचंही आगाऊ आरक्षण लागतं आणि तिथून वरच्या प्रवेशद्वारापर्यंत शटल असते, म्हणून वीस मिनिटं हाताशी ठेवा. पावणेतीनला खाली, साडेतीनला वायनरी, साडेपाचला निघून साडेसहापर्यंत हॉटेल.

पॉम्पेईला मिळतात पावणेतीन तास. तटबंदीच्या आतलं शहर सुमारे 66 हेक्टरांचं आहे, त्यातलं दोन-तृतीयांश खणून झालंय. सगळं बघायचा हट्ट धरलात तर लक्षात राहतील फक्त भिंती. मी गाइडला आधीच सांगून ठेवतो: ठिकाणं आठ-दहा, पण प्रत्येक ठिकाणी थांबायचं.

आत शिरायचं ते पियाझ्झा अन्फितेआत्रोच्या फाटकातून, प्रसिद्ध पोर्ता मारिनातून नाही. दोन कारणं. पोर्ता मारिनाला सुरुवातीलाच मोठ्या गुळगुळीत दगडांचा खडा चढ आहे, आणि नेपल्स-सोरेंतो लोकलचं स्टेशन समोरच असल्याने गर्दी तिथे लोटते. अन्फितेआत्रोच्या बाजूने कमी त्रासाचा, चाकाच्या खुर्चीसाठीही आखलेला मार्ग सुरू होतो. आईंना तो घेऊ दे. बाहेर पडताना पोर्ता मारिनाचा उतार एकदाच लागेल, तो हात धरून सावकाश. गाडी त्या बाजूला बोलावून ठेवा, म्हणजे एक किलोमीटर उलटं चालावं लागणार नाही.

या वाटेने पहिलंच दिसतं अँफिथिएटर, आणि त्याच्या समोर द्राक्षबाग. तुमच्या दिवसाचे तिन्ही विषय इथे एका जागी भेटतात. इसवी सन 79 च्या उद्रेकात शहरावर आधी साधारण अठरा तास हलका प्युमिस दगड पडत राहिला, मग तापलेल्या राखेचे लोट आले. राख घट्ट झाली, आतली शरीरं कुजून गेली, पोकळ्या राहिल्या. 1863 मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं आणि माणसांचे शेवटचे आकार हाती आले. शंभर वर्षांनी विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकी संशोधक बाईंनी हीच युक्ती झाडांच्या मुळांवर वापरली. अँफिथिएटरजवळच्या मोकळ्या जागेत वेलींच्या मुळांच्या आणि आधाराच्या खांबांच्या पोकळ्या ओळीने सापडल्या, तेव्हा कळलं की शहराच्या आत द्राक्षमळा होता. पुढे त्या जागांवर पुन्हा वेली लावल्या गेल्या. जवळच पळून चाललेल्या तेरा जणांचे साचे ठेवलेला बगीचा आहे. तिथे मुलाशी आधी दोन शब्द बोला, मग आत न्या. त्यांत लहान मुलंही आहेत.

पुढे व्हिया देल्लाब्बोन्दान्त्सा या मुख्य रस्त्याने फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे. रस्त्यावर मध्ये उंच दगड रोवलेत, पाऊल न भिजवता पलीकडे जायला. त्यांच्यामधून गाड्यांची चाकं जात. मुलाला तिथल्या चाकोऱ्यांत बोट घालून बघायला सांगा, दगड किती झिजलाय ते डोळ्यांपेक्षा बोटाला चांगलं कळतं. दोन्ही बाजूंना खाण्यापिण्याच्या दुकानांचे ओटे दिसतील, ओट्यात पुरलेले माठ. एका दारूच्या दुकानाची भिंतीवरची दरपाटी वाचली गेली आहे: एक आस (रोमन नाणं) दिला की साधी मिळेल, दोन दिले की बरी, चार दिले की फालेर्नियन, म्हणजे त्या काळची नामांकित वाइन. संध्याकाळी वायनरीत बसाल तेव्हा ही पाटी आठवेल.

मग स्ताबियन स्नानगृह, बेकरीतली धान्य दळायची दगडी जाती, वेत्तींचं घर, फाउनचं घर (तिथली अलेक्झांडरचं चित्र असलेली मोझेक फरशी प्रतिकृती आहे, मूळ नेपल्सच्या संग्रहालयात), फोरम आणि बाहेर. व्हिला देई मिस्तेरी या दिवशी सोडून द्या. सुंदर आहे, पण तटाबाहेर आहे, त्याचं तिकीट वेगळ्या प्रकारचं लागतं आणि जाण्या-येण्यात तुमचा पाऊण तास जातो.

फाटकावर अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं आणि ओळखपत्र जवळ हवं. 18 वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत, पण त्याचंही शून्य रकमेचं तिकीट काढावं लागतं. 30 × 30 × 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, म्हणून सॅक गाडीत ठेवा. पाण्याची बाटली रिकामी नेली तरी चालते, रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे. स्वच्छतागृहं मोजकी, फाटकांजवळ आणि फोरमजवळ. दिसलं की जाऊन या. महिन्याचा पहिला रविवार फुकट प्रवेशाचा असतो, त्या दिवशी हा बेत ठरवूच नका.

व्हेसुव्हियसवर लाल लाव्हा दिसणार नाही, हे मुलाला आजच सांगा. शेवटचा उद्रेक 1944 च्या मार्चमध्ये झाला. दिसतं ते सुमारे 300 मीटर खोल विवर, आणि त्याच्या भिंतीतून कुठे कुठे निघणारी पांढरी वाफ. एक गोष्ट जरूर बघा: वाटेवरची खडी तांबूस-काळी आहे, पॉम्पेईवर पडलेला प्युमिस मात्र फिकट. कारण आजचा शंकू मुख्यतः 79 नंतरच्या उद्रेकांनी रचलेला आहे. त्याच्या उत्तरेला अर्धवर्तुळाकार कडा उभा आहे, माँते सोम्मा. ती जुन्या मोठ्या डोंगराची उरलेली कड. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांचा, असा टोकदार शंकू आपल्याकडे नाही. हा फरक समोर दाखवला तर तेरा वर्षांच्या मुलाला भूगोलाचा तास पुरून उरतो.

पायात बूट, चप्पल-सँडल नको, खडी आत जाते. खाली 25 अंश असले तरी वर वारा झोंबतो, प्रत्येकाला एक पातळ जॅकेट. वाटेवर स्वच्छतागृह नाही, फाटकापाशीच उरकून घ्या. दुपारचा स्लॉट घेण्यात एक धोका आहे तो सांगतो: दुपारी माथ्यावर ढग जमायची शक्यता सकाळपेक्षा जास्त असते. नजारा हेच मुख्य आकर्षण असेल आणि आई-बाबा पॉम्पेईही सोडायला तयार असतील, तर नऊचा डोंगर घ्या. सहा जणांच्या कुटुंबासाठी मी तसं करणार नाही, कारण त्यात पॉम्पेई भर दुपारी येतं.

वादळ, जोराचा वारा किंवा आग असेल तर वाट बंद ठेवतात. 2017 आणि 2025 च्या उन्हाळ्यांत या उतारांवर मोठे वणवे लागले होते. पर्याय आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. माझा पर्याय हर्क्युलेनियम: आजच्या एर्कोलानो गावातले अवशेष, पॉम्पेईपेक्षा खूप लहान, दीड-दोन तासांत होतात, आणि तिथे जळून कोळसा झालेल्या लाकडी तुळया, दारं अजून जागेवर आहेत. खरं तर पॉम्पेईच्या नावाचा आग्रह नसेल तर गुडघेदुखीच्या माणसासाठी मी पहिल्यापासून हर्क्युलेनियमच सुचवतो.

वाइनबद्दल. इथलं नाव लाक्रिमा क्रिस्ती, ख्रिस्ताचे अश्रू. हा एका कंपनीचा ब्रँड नाही, व्हेसुव्हियसच्या नियंत्रित उगमनामाखाली (ठरलेल्या भागात, ठरलेल्या नियमांनी बनवलेल्या वाइनलाच मिळणारं नाव), 1983 पासून, अनेक वायनऱ्या ती बनवतात. पांढरीत काप्रेत्तोने आणि कोदा दि वोल्पे या जाती. दुसरीचा अर्थ कोल्ह्याची शेपटी, घडाच्या आकारावरून. लालमध्ये पिएदिरोस्सो, म्हणजे लाल पाय. पिकताना देठ कबुतराच्या पायासारखा लाल होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर हे वेलीवर दिसतं, मेमध्ये फुलोरा असेल.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना इथे एक गोष्ट थांबवून ठेवते. आपल्याकडे बाग डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम करून उभी करतात. युरोपात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात बागा उजाड केल्यापासून तिथेही खुंट आला. पण व्हेसुव्हियसच्या रेताड, राखेच्या मातीत या किडीला पसरता येत नाही, म्हणून इथल्या कितीतरी वेली आजही स्वमुळावर आहेत. बागेत नेणाऱ्याला अशी वेल दाखवायला सांगा. बुंध्याशी कलमाची गाठ नसते, आणि मूठभर माती उचलली तर ती हाताला चिकटत नाही, काळ्या साखरेसारखी गळून जाते.

टेस्टिंगला आधी पांढरी, मग रोझे (गुलाबी), मग लाल. पांढरी थंड येते, चवीत किंचित खारटपणा असतो. ती रिकाम्या पोटी पिऊ नका, आधी ब्रुस्केत्ता (भाजलेल्या पावाचे तुकडे) येऊ द्या. पेला संपवायची सक्ती नसते, उरलेलं ओतायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात संकोच नको. मुलासाठी द्राक्षाचा रस किंवा लिंबूपाणी आधी सांगा, इटलीत वय 18 लागतं. आणि गाडी स्वतः चालवायचा विचार असेल तर तो सोडा: रक्तातली मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, आणि लायसन्सला तीन वर्षं न झालेल्यांना शून्य.

शाकाहाराबद्दल मोघम ‘व्हेज’ लिहू नका. तेवढ्यावर मासे ताटात येऊ शकतात. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही असं तीन वेगळ्या शब्दांत कळवा: सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, सुक्या स्पॅगेटीत सहसा नसतं. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, बनतं. चालत नसेल तर तेही लिहा. मग राहतं ते उत्तम आहे: व्हेसुव्हियसचे पिएन्नोलो टोमॅटो, छोटे, टोकाला निमुळते, झुपक्याने टांगून हिवाळाभर टिकवतात. त्यांच्या रश्शातली स्पॅगेटी शाकाहाऱ्यांचं मुख्य ताट होऊ शकते.

गाइड आणि गाडी: सहा जणांना खासगी आठ-आसनी व्हॅन, ड्रायव्हरसह, आणि पॉम्पेईपुरता अडीच तासांचा परवानाधारक गाइड, असं जोडणं मी योग्य मानतो. ग्रुप टूर माणशी स्वस्त पडते, पण पन्नास जणांची बस चढ-उतारातच वेळ खाते, आई-बाबांना वाटेत सोडण्याची सोय देत नाही आणि क्रम त्यांचा असतो. तुम्ही चौघंच असतात तर मी ग्रुप टूरला नाही म्हटलं नसतं. एक गोंधळ मात्र नेहमी होतो: जाहिरातीत ‘गाइडेड’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात ड्रायव्हर फाटकापर्यंत सोडतो. इटलीत परवान्याशिवाय आत गाइडचं काम करता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारा: पॉम्पेईच्या आत गाइड येणार का आणि किती वेळ, पॉम्पेई आणि व्हेसुव्हियसची तिकिटं कोण काढणार, वर पार्किंगचं आरक्षण कुणाचं, आणि डोंगर बंद झाला तर त्या पैशांचं काय. चारही उत्तरं लेखी घ्या.

तिकिटांचा खर्च फार नाही, पॉम्पेई माणशी वीस युरोंच्या आसपास, व्हेसुव्हियस दहाच्या आसपास. खर्च होतो तो गाडी, गाइड आणि जेवणावर. बाटल्या आणायच्या असतील तर चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून; भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे प्रौढ व्यक्तीमागे 750 मिलीच्या दोन बाटल्या.

तीन रात्री आहेत, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाला द्या. मंगळवारी ते बंद असतं, तेवढं बघा. पॉम्पेईतल्या चांगल्या वस्तू तिथे आहेत आणि त्यांत 1938 मध्ये एका घरात सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे, पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात ती. भारतातून गेलेली. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. पॉम्पेई लक्ष्मी संग्रहालयात ‘गुप्त दालन’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्या खोलीत असते. त्या दालनात कामुक चित्रं आणि शिल्पं आहेत, मुलाला आत नेण्याआधी तेवढं लक्षात ठेवा.